पाचवं नाव

हिमोग्लोबिन मोजायची काचेची नळी ते कधी दिव्याखाली धरत नसत. दारात जाऊन उभे राहत आणि आभाळाच्या उजेडात धरत.

सुई टोचण्याआधी बाईचं बोट आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत. थंडीत रक्त उतरत नाही. चोळताना तिच्याकडे बघत नसत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

लग्नपत्रिका हातात पडली की खालून वर वाचत.

हॉटेलात चहा प्यायल्यावर कप स्वतः विसळून पालथा घालत. ही सवय वडलांकडून आलेली. वडलांच्या काळी तसंच करावं लागे. हॉटेलवाला म्हणायचा, "राव, आमाला काय काम ठेवा की." ते हसत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कप विसळत.

सही करण्याआधी कागद उलटून मागची बाजू बघत. ही सवय मात्र उशिरा लागली, २००५ नंतर. ती कशी लागली, त्याचीच ही हकिगत.

हनुमंत भालेराव आळेफाट्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. दवाखाना ट्रस्टचा. वीस खाटा, एक रुग्णवाहिका आणि मागच्या बाजूला दहा बाय बाराची लॅब. १९८७ पासून ती लॅब म्हणजे भालेराव. लोक त्यांना रक्तवाले म्हणत. आळ्याच्या बौद्धवस्तीत त्यांचं घर. घरी बायको द्रौपदा आणि मुलगी अमृता. बौद्धाच्या घरात हनुमंत कसा, अशी थट्टा व्हायची. ते म्हणत, "नाव आईनं ठेवलं. तिला इचारायला पायजे व्हतं, पण मी तवा लई लहान व्हतो."

ऋषी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. मराठी साहित्यात एम.ए. झाला, नोकरी लागली नाही, म्हणून फाट्यावर एसटी स्टँडच्या मागे डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. दुकान चालायचं पत्रिकांवर. वस्तीतल्या लग्नाचा मजकूर बहुतेक वेळा भालेरावच घेऊन यायचे. अक्षर छापल्यासारखं, आणि कुणाचं नाव कुठं हवं ते त्यांना पाठ.

या भागातल्या पत्रिकेत नवरानवरीची नावं शोधावी लागतात. आधी आशीर्वाद देणारे, मग प्रमुख उपस्थिती, मग निमंत्रक, कार्यवाहक, व्यवस्थापक, शेवटी समस्त ग्रामस्थ. आपण कुणाच्या तरी लग्नाचे व्यवस्थापक आहोत, हे कित्येकांना पत्रिका हातात पडल्यावर कळतं. नाव घातलं तर कुणी काही म्हणत नाही. राहिलं तर दोन-दोन वर्षं बोलणं बंद होतं. राहिलेलं नाव नेहमी खालच्या माणसाचं असतं, असा भालेरावांचा अनुभव होता. म्हणून ते खालून वाचायचे.

"ऋषी, गेणभाऊ राहिलं बघ."

"काका, जागाच नाही. मुलीच्या बापाचं नाव आधीच बारीक केलंय."

"आजून बारीक कर. बाप रुसणार न्हाई. गेणभाऊ रुसल."

अशी त्यांची दोस्ती.

२००३ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजातून डॉ. वृषाली दवाखान्यात आल्या. एमडी करत होत्या. ऊसतोडीच्या बायकांमधला रक्तक्षय हा प्रबंधाचा विषय होता. निम्म्या बायकांना लोहाची गोळी रोज द्यायची, निम्म्यांना आठवड्याला एक. रक्त तीनदा तपासायचं. सुरुवातीला, दीड महिन्यानं आणि चार महिन्यांनी. आठवड्याची गोळी रोजच्या गोळीइतका गुण देते का, एवढंच बघायचं होतं.

पारगावच्या कारखान्याच्या पट्ट्यात टोळ्या उतरल्या होत्या, बीडच्या आणि पाथर्डीकडच्या. भालेराव दवाखान्याच्या गाडीनं थेट उसाच्या फडात जायचे. नळ्यांची लाकडी पेटी, आम्लाची बाटली, डिस्टिल्ड वॉटर. बसायला उसाची मोळी. नळीत आम्ल घ्यायचं, त्यात रक्ताचा ठरलेला थेंब सोडायचा आणि मग पाणी थेंबाथेंबानं घालत जायचं. नळीतला रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळला की आकडा वाचायचा. सगळी भिस्त डोळ्यावर. म्हणून उजेड हवा.

"दादा, येवढं रक्त नेऊन इकता का काय?" एका बाईनं विचारलं.

"तुजं कोण घेणार बाई? निम्मं पाणीच हाय."

बायका हसल्या. आकडा होता सहा पॉइंट आठ, बारा हवा तिथं. भालेराव हसले नाहीत.

एकशे बारा बायका झाल्या. जानेवारीच्या मध्याला दुसरी तपासणीही झाली. काही आकडे चढले होते, काही होते तिथंच.

त्या वर्षी उसावर लोकरी माव्याची कीड पडली होती. पाऊसही कमी झालेला. ऊस लवकर संपला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पट्टा पडला, म्हणजे तोड थांबली, आणि टोळ्या दोन दिवसांत आपापल्या गावी गेल्या. भालेरावांच्या ते कानावर आलं होतं. तरीही एखादी टोळी मागे राहिली असेल म्हणून मार्चअखेर ते पेटी घेऊन पारगावला गेले. टोळ्या राहत त्या पाचटाच्या कोप्यांच्या जागी नुसते चुलींचे दगड होते. त्यांनी रजिस्टरात तिसऱ्या रकान्याखाली लिहिलं, 'टोळ्या गेल्या. तपासणी झाली नाही.' तारीख घातली.

डॉ. वृषाली मध्ये एकदा येऊन रजिस्टरातले आकडे उतरवून घेऊन गेल्या. ऑक्टोबरात पुन्हा आल्या त्या एक छापील फॉर्म घेऊन.

"भालेराव, शोधनिबंध तयार झालाय. तुमचंही नाव घालतेय."

"माजं कशाला मॅडम?"

"एवढं रक्त काढलंत तुम्ही. करा सही."

फॉर्म इंग्रजीत होता. भालेरावांनी तो वाचला नाही. नावांची यादी तेवढी वाचली, खालून वर. सगळ्यात खाली स्वतःचं नाव. त्यावर डॉ. रवींद्र. त्यावर डॉ. वृषाली. सगळ्यात वर विभागप्रमुख डॉ. सुदर्शन.

"आमचं भगवंतराव राहिलं," ते म्हणाले.

भगवंतराव म्हणजे ट्रस्टचे सचिव. फाट्यावर हार्डवेअरचं दुकान. पाइप आणि खिळे यांतलं त्यांना सगळं कळायचं.

"त्यांनी काय केलंय?" डॉ. वृषालींनी विचारलं.

"गाडी त्यांनीच दिली की. आन राहिलं तर नाराज व्हतील. वरीसभर मला केमिकल मिळायचं न्हाई."

डॉ. वृषाली हसल्या. पेनानं भगवंतरावांचं नाव चौथं घातलं. भालेराव पाचवे झाले. त्यांनी सही केली.

२००५ च्या मार्चमध्ये निबंध छापून आला. चौदा एप्रिलला वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात भालेरावांचा सत्कार झाला. शाल, नारळ, खणखणीत टाळ्या. आपल्या माणसाचं नाव इंग्रजी मासिकात आलं, हे माइकवरून तीनदा सांगितलं गेलं. भगवंतरावही व्यासपीठावर होते. 'आम्ही केलेलं संशोधन' असं म्हणत ते वीस मिनिटं बोलले. द्रौपदाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी एकदाही डोक्यावरचा पदर सारखा केला नाही, इतक्या त्या समोर बघत होत्या. अमृतानं निबंधाचं पहिलं पान लॅमिनेट करून आणलं.

आठवड्यानं भालेराव सगळी पानं घेऊन ऋषीच्या दुकानात आले.

"मराठीत सांग बाबा. लोक इचारत्यात काय लिवलंय, आन मी नुसती मान हलवतो."

ऋषीनं स्टूल दिलं. काउंटरवर एक जण सातबाराच्या झेरॉक्स काढायला थांबला होता. त्याला वाटेला लावून ऋषी वाचायला बसला. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. भालेराव कान देऊन ऐकत होते. नळीचं नाव आलं तेव्हा खूश झाले. दुसरं पान आलं.

"'एकशे बारा स्त्रियांची तिसरी तपासणी मार्चच्या अखेरीस पूर्ण झाली. एकही स्त्री अभ्यासातून गळाली नाही.'"

"परत वाच."

ऋषीनं परत वाचलं.

"किती म्हनला?"

"एकशे बारा."

"आन मार्च?"

"मार्च २००४."

"मी गेलो व्हतो मार्चमधी," भालेराव म्हणाले. "तिथं कुत्रं बी नव्हतं."

ऋषीनं तक्ता दाखवला. तिसऱ्या तपासणीचे आकडे होते. दुसऱ्या तपासणीपेक्षा चांगले होते. भालेरावांनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं.

"रंग कुणी बघितला?" ते म्हणाले.

ऋषीनं शेवटचं पान वाचलं. आठवड्याला एक गोळी रोजच्या गोळीइतकीच गुणकारी आहे, असा निष्कर्ष होता.

"हे खरंय का काका?"

"मला म्हायती न्हाई. कुणालाच म्हायती न्हाई. तेच तर बघायचं व्हतं."

त्या महिन्यापासून ट्रस्टच्या शिबिरांत बायकांना आठवड्याची गोळी सुरू झाली. निबंधाची प्रत फ्रेम करून भगवंतरावांनी दवाखान्याच्या दर्शनी भिंतीला लावली. रक्त तपासायला आलेल्या बायका त्या फ्रेमखालच्या बाकावर बसायच्या.

मे महिन्यात भालेराव आणि ऋषी एसटीनं पुण्याला गेले. डॉ. वृषाली आता त्याच कॉलेजात लेक्चरर होत्या. कॅन्टीनमध्ये भेटल्या. भालेरावांनी रजिस्टरातल्या त्या ओळीची आठवण करून दिली.

"वाचली होती मी ती ओळ," डॉ. वृषाली म्हणाल्या. "सरांना दाखवली. सर म्हणाले, दोन तपासण्यांचा कल दिसतोय ना, तिसरी त्यावरून काढ. प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. त्यावर सरांची सही लागते. नसती मिळाली तर माझी तीन वर्षं गेली असती."

"म्हंजे आकडे तुमी घातले."

"मी घातले."

"सर कवा आले व्हते पारगावला?"

"सर नाही आले. विभागातून जो पेपर जातो त्यावर त्यांचं नाव पहिलं असतं. पद्धतच आहे."

"आन ते डॉक्टर रवींद्र?"

"सरांचे भाचे. बढतीसाठी त्यांना दोन पेपर कमी पडत होते."

भालेरावांनी बोटांवर नावं मोजली. डॉ. वृषालींना ते सहन झालं नसावं.

"भालेराव, तुमच्याकडच्या पत्रिकेत नसतात का पन्नास नावं? तसंच हे. आणि भगवंतरावांचं नाव कुणी घालायला लावलं? तुम्हीच ना?"

भालेरावांनी चहा संपवला. मग कप विसळायला उठले. नळ दिसला नाही, तसे परत बसले.

"मी घालायला लावलं. चुकलं माजं," ते म्हणाले. "पण मॅडम, पत्रिकेत पन्नास नावं असली तरी नवरानवरी मांडवात उभी असत्यात. हितं मांडवच न्हाई. आन खाली माजं नाव."

"मग काय करायचं म्हणता?"

"माजं नाव काढा."

परतीच्या एसटीत ऋषी म्हणाला, "काका, सगळा पेपरच खोटा आहे असं मासिकाला लिहू या."

"ते मॅडमनी लिवायचं. मी माज्या नावापुरतं बोलतो. त्या बायांनी बोट माज्या हातात दिलं व्हतं, सरांच्या न्हाई."

ऋषीनं शब्दकोश उघडून इंग्रजीत पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी संपादकांच्या कार्यालयाचं उत्तर आलं. लेखकांच्या यादीत बदल करायचा तर कारण लिहून, त्याखाली पाचही लेखकांच्या सह्या पाठवाव्यात.

पाचांपैकी दोघांना भालेरावांनी कधी पाहिलंही नव्हतं.

ऋषीनं कारण लिहून तसं पत्र तयार केलं. पहिली सही भालेरावांची स्वतःची. कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली, मग केली.

दुसरीसाठी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. आधी सगळं पत्र भगवंतरावांना मराठीत सांगितलं.

"हनुमंता, लोक नाव घालायला भांडत्यात. तू काढायला निघालास?"

"तिसरी तपासणी झाली न्हाई शेठ."

"मग करून टाक की आता."

"बाया पाथर्डीला हायेत. दीड वरीस झालं."

"माझं नाव तर ऱ्हातंय ना?"

"तुमचं तुमी बघा. मी माजंच काढतोय."

भगवंतरावांनी सही केली. पेन खिशाला लावता लावता ते थांबले. "म्हंजे आता शेवटचा मी व्हणार व्हय रे?"

डॉ. रवींद्रांचा दवाखाना पुण्यात, त्वचारोगाचा. तिथं ऋषीसोबत दीड तास बसून नंबर आला. त्यांनी आधी भालेरावांच्या हातावर काही उठलंय का ते पाहिलं.

"पेशंट न्हाई साहेब. आपण दोघं एका पेपरात हाय."

"कुठल्या?"

"ऊसतोडीच्या बायांच्या."

"अच्छा, मामांच्या! द्या, कुठं करायची सही?" त्यांनी पेन काढून कागदावर टेकवलंसुद्धा.

भालेरावांनी कागदावर हात ठेवला. "आधी वाचा साहेब."

"अहो, बाहेर पेशंट आहेत."

"वाचा. बारकं हाय पत्र."

डॉ. रवींद्रांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेनाला टोपण लावलं. "हे मला मामांना विचारावं लागेल," ते म्हणाले, आणि घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

रस्त्यावर येताच ऋषीचा तोल गेला. "काका, सही होत होती! पेन टेकलं होतं त्याचं!"

"दिसत व्हतं मला."

"मग हात कशाला घातलात मध्ये?"

"माजी तशीच घेतली व्हती. आता मी बी तशीच घ्यायची?"

एसटीत ऋषी पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. चाकणला भालेरावांनी खिडकीतून शेंगा घेतल्या आणि निम्म्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. नारायणगावपर्यंत त्या संपल्या.

विभागप्रमुखांची भेट काही मिळत नव्हती. भालेराव रजा टाकून जायचे, शिपाई बाकावर बसवायचा. साहेब मीटिंगमध्ये. साहेब परीक्षेला. साहेब परगावी. वर्षभरात सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला साहेब व्हरांड्यातच भेटले. भालेरावांनी नाव सांगितलं. साहेबांना ते लगेच कळलं, म्हणजे भाच्यानं विचारलं होतं.

"राहू द्या हो तुमचं नाव," डॉ. सुदर्शन म्हणाले. "टेक्निशियनला एवढा मान कोण देतं?"

"मान नको सर. सही द्या."

साहेब हसले आणि लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टचं दार बंद झालं. भालेराव जिन्यानं खाली आले.

वस्तीत कुजबुज सुरू झाली होती. सत्कार घेतला आणि आता नाव काढतोय, म्हणजे काहीतरी भानगड असणार. द्रौपदाबाईंना नळावर कुणीतरी टोमणा मारला. त्यांनी घरी येऊन विचारलं, "आपलं नाव छापलं, त्यात तुमाला काय टोचतंय?"

"खोटं हाय ते."

"आकडे खोटे. नाव तर खरं हाय ना?"

भालेरावांनी हे ऋषीला सांगितलं. म्हणाले, "तिनं बरुबर बोट ठेवलं बघ. नाव खरं हाय, म्हणून तर लोक आकडे खरे मानत्यात."

२००६ च्या डिसेंबरात एका दुपारी डॉ. वृषाली एकट्याच एसटीतून फाट्यावर उतरल्या. दवाखान्यात न जाता विचारत विचारत ऋषीच्या दुकानात आल्या. ऋषीनं भालेरावांना फोन केला. ते ॲप्रनसकट आले.

"तो कागद द्या," डॉ. वृषाली म्हणाल्या. तो वाचून त्यांनी सही केली. तीन झाल्या.

"सर कधीच करणार नाहीत," त्या म्हणाल्या. "रवींद्रही नाही. सह्यांच्या मागे लागू नका. मूळ रजिस्टरची नक्कल करा, दवाखान्याचा शिक्का घ्या आणि संपादकांना पाठवा. तुमची ती ओळ त्यात आहे. तेवढी पुरे. मग त्यांना चौकशी करावीच लागेल."

"आन तुमचं काय व्हईल मॅडम?"

"माझं मी बघीन."

ऋषीनं चहा मागवला होता. त्या न घेताच परत गेल्या. भालेरावांनी दोन्ही कप प्यायले.

रजिस्टर दवाखान्याचं. दवाखान्यात झेरॉक्सचं मशीन नव्हतं, आणि रजिस्टर दाराबाहेर न्यायला भगवंतराव तयार होईनात. "जाग्यावर बसून काय लिवायचं ते लिव," म्हणाले. "शिक्का मारायचं मग बघू."

जानेवारीत भालेरावांनी नक्कल सुरू केली. ऋषीकडून लांब आखीव कागद नेले. दुपारी डबा खाऊन झाला की लॅबच्या खिडकीशी बसायचे. रोज चार-पाच ओळी. काम पडलं की कधी दोनच. प्रत्येक ओळीत बाईचं नाव, गाव, पहिला आकडा, दुसरा आकडा आणि तिसऱ्या रकान्यात 'नाही'.

"काका, नावं कशाला लिहिता? नुसते नंबर लिहिले तरी चालतील. आठ दिवसांत होईल," ऋषी म्हणाला.

"नंबरला बोट नसतंय."

एक ओळ चुकली तर ते खोडत नसत. सगळं पान नव्यानं लिहीत. खोडलेल्या कागदाला शिक्का मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

सहा फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याची रुग्णवाहिका शिबिराला गेली होती. एका टोमॅटोवाल्याच्या पिकअपमधून त्यांना नारायणगावला नेलं. वाटेतच गेले. वय एकोणपन्नास.

ऋषीला हे झेरॉक्स काढायला आलेल्या एका माणसानं सांगितलं. ऋषी म्हणाला, "किती प्रती?" माणसानं पुन्हा सांगितलं. ऋषीनं पुन्हा विचारलं, "किती प्रती?"

जलदान विधी झाल्यावर तो दवाखान्यात गेला. लॅबला कुलूप होतं, नवीन टेक्निशियन यायचा होता. भगवंतरावांनी स्वतः कुलूप काढलं. खिडकीशी ठेवलेले कागद त्यांनीच गोळा करून ऋषीच्या हातात दिले.

"चांगला माणूस व्हता रे," ते म्हणाले.

"शेठ, राहिलेलं मी लिहितो. रोज दुपारी येतो. रजिस्टर फक्त दाखवा."

भगवंतरावांनी कपाटाकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं.

"बाहेरच्या माणसाला न्हाई दाखवता येत," ते म्हणाले.

द्रौपदाबाईंनी ते कागद घरी ठेवून घेतले नाहीत. "त्यांनी ते तुज्याकडंच आणले असते," म्हणाल्या. भिंतीवरचं लॅमिनेट केलेलं पान मात्र अमृतानं काढून गादीखाली ठेवलं होतं. ते टाकायचं की ठेवायचं, हे मायलेकींचं ठरत नव्हतं.

मासिकाचे जुने अंक आता कॉम्प्युटरवर बघता येतात. ऋषीनं एकदा नेट कॅफेत जाऊन पाहिलं. पाचही नावं जागच्या जागी आहेत.

कागद दुकानात आहेत, शब्दकोशाच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकूण आठ पानं. एकशे बारांपैकी त्र्याहत्तर ओळी पूर्ण आहेत, कुठंही खाडाखोड नाही. चौऱ्याहत्तराव्या ओळीवर 'भागू' एवढंच लिहिलेलं आहे. तिचं गाव आणि आकडे लिहायचे राहिले.